लिओ हालुश्काचा अहवाल

"त्यांचं डोकं तुम्हीच उघडा," ॲग्नेस म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

हॉस्पिटलच्या तळघरात, शवागाराबाहेरच्या लाकडी बाकावर त्या बसल्या होत्या. मांडीवर नवऱ्याचा जाड कोट घडी घालून ठेवलेला. तासाभरापूर्वी तिसऱ्या मजल्यावर लिओ हालुश्का न्यूमोनियानं गेले होते. वय बावन्न. दोन दिवस आधी घरातल्या चपला पायात घालून ते बर्फात बाहेर पडले, आणि चार मैलांवर एका बंद पेट्रोलपंपामागे सापडले. १९७४ सालचा फेब्रुवारी होता. एरी सरोवराकाठच्या त्या गावात त्या महिन्यात रस्त्याला पाय टेकवत नाहीत.

"ॲग्नेस, परवानगीच्या कागदावर तुमची सही लागेल," मी म्हणालो. "पण नीट विचार करा. आता त्यांना त्रास द्यायचा का?"

"सही मी केव्हाच केली. मला फक्त एवढं कळायला हवंय, की ते तसे का झाले. डेनिसला सांगायचंय मला."

डेनिस त्यांचा एकुलता एक मुलगा. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्या घरात मात्र त्याचं नाव दिवसातून दहादा निघायचं.

मी दिगंबर साल्पेकर. नागपुरात एम.बी.बी.एस. करून अमेरिकेत आलो होतो आणि त्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी शिकत होतो. हालुश्कांच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको कुमुद तीन वर्षं भाड्यानं राहत होतो. नाव सांगितल्यावर ॲग्नेसबाईंना 'साल'च्या पुढे जाता येईना. मग मी त्यांचा 'डॉक्टर साल' झालो. लिओ मला नुसतं 'डॉक' म्हणत आणि पहिल्या दिवसापासून अरेतुरे करत. इंग्रजीत अरेतुरे नसतं हे खरं, पण खांद्यावर असा हात टाकत की वेगळं काही वाटायचंच नाही.

माणूस अवाढव्य. दारातून येताना किंचित तिरका व्हायचा. आम्ही राहायला गेलो त्या आठवड्यात आमचा कपाटाएवढा फ्रिज त्यांनी एकट्यानं जिना चढवून वर आणला आणि कुमुदला म्हणाले, "बाई, कुठं ठेवू?" ती घाबरून नुसतं बोट दाखवत राहिली.

ते फुटबॉल खेळलेले होते. आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकेतला. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवं पाडायचं, असा. महायुद्धातून परतल्यावर १९४६ साली ते व्यावसायिक संघात घेतले गेले आणि अकरा हंगाम खेळले. एकदा त्यांचा संघ अजिंक्यही ठरला होता. पहिल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये गाडीखालून बर्फ खरवडताना मी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही मोठे स्टार होता का?"

ते मनापासून हसले. "स्टार? डॉक, मी भिंत होतो. चेंडू धरणारा मागं असतो. त्याला वाट करून द्यायची म्हणून आम्ही समोर उभे. शिट्टी झाली की वाकायचं आणि समोरच्याच्या अंगावर डोकं घालायचं. अकरा वर्षांत चेंडू माझ्या हाताला दोनदा लागला. त्यातला एकदा चुकून."

"डोकं घालायचं म्हणजे?"

"म्हणजे डोकंच. एडक्यासारखं. एका दुपारी साठदा, सत्तरदा. सुरुवातीला चामड्याची टोपी असायची, मग प्लास्टिकची आली. प्लास्टिकची आल्यावर आम्ही आणखी जोरात घालायला लागलो."

"चक्कर नाही यायची?"

"यायची की. मग कुणीतरी नाकाखाली बाटली धरायचं आणि बोटं दाखवून विचारायचं, किती? मी नेहमी दोन सांगायचो. बहुतेक वेळा दोनच असायची."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. तक्रार मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. संघातल्या सगळ्यांची नावं, कोण कुठल्या खाणगावातून आला, कुणाच्या लग्नात कोण पडला, सगळं तोंडपाठ. मात्र आज दुपारी काय जेवलो ते आठवत नसे.

खेळ सुटल्यावर ते पोलाद कारखान्यात मुकादम झाले. पंचेचाळिशी ओलांडल्यावर हातून चुका व्हायला लागल्या. क्रेनला भलतीच खूण केली, एक माणूस थोडक्यात वाचला. कारखान्यानं घरी बसवलं. चालताना तोल जायचा, बोलताना जीभ अडखळायची. दोनदा पोलिसांनी दारुडा समजून उचलून हॉस्पिटलात टाकलं. खरं तर रविवारी चर्चहून आल्यावर एक बिअर, यापलीकडे त्या घरात दारू नव्हती. ॲग्नेसबाईंचे वडील पिऊन गेले होते. त्यांनी लग्नाच्या आधीच अट घातली होती.

आणि मग राग. आम्ही राहायला येण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. जेवणाच्या टेबलावर डेनिस काहीतरी साधं बोलला. मीठ इकडे द्या, असंच काहीतरी. लिओंनी उठून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. जबडा दोन ठिकाणी मोडला. डेनिस एकवीस वर्षांचा होता. जबडा तारांनी बांधलेला असतानाच त्यानं बॅग भरली आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगनला निघून गेला. आईला पत्र यायचं, नाताळात. त्यात वडिलांचं नाव नसायचं.

लिओंना यातलं काही आठवत नव्हतं. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "डेनिस कुठाय?"

"कामावर गेलाय," ॲग्नेसबाई म्हणायच्या.

"उशीर झाला त्याला."

"येईल."

वरून आम्हाला हे ऐकू यायचं. तीन वर्षं, रोज.

तर त्या दिवशी मी ॲग्नेसबाईंना शब्द दिला, आणि पाळलाही. शवविच्छेदन मीच केलं. ओळखीच्या माणसाचं करू नये म्हणतात, ते बरोबर आहे. त्यांचं यकृत मी हातात घेतलं तेव्हा ते एखाद्या धार्मिक माणसाचं असावं तसं स्वच्छ होतं. मेंदू मात्र हलका भरला. एवढ्या मोठ्या माणसाचा मेंदू आणि वजन सत्तरीतल्या म्हातारीएवढं. तो फॉर्मालिनच्या बरणीत ठेवला, कारण तीन आठवडे मुरल्याशिवाय त्याचे काप घेता येत नाहीत.

दफनाला डेनिस आला नाही. चर्चमध्ये पुढच्या बाकावर ॲग्नेसबाई एकट्या होत्या. कुमुद उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. लिओंच्या संघातले चौघे आले होते. चौघंही आडदांड, चौघंही जपून पाऊल टाकत चालणारे. एकानं मला स्वतःचं नाव दोनदा सांगितलं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी काचपट्ट्या तयार होऊन आल्या. चांदीच्या क्षारानं रंगवलेल्या. त्या रंगात पेशींमध्ये मेलेले, गुंतलेले धागे काळे दिसतात. असे गुंते मी आधी पाहिले होते, पण ते पंच्याऐंशी वर्षांच्या लोकांचे, आणि वेगळ्या जागी. लिओंच्या मेंदूत ते वळ्यांच्या तळाशी, रक्तवाहिन्यांभोवती ठिपके ठिपके करून साचले होते. मी पट्टीमागून पट्टी सरकवत गेलो. दुपारचं जेवण राहिलं. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवरचं इंग्लंडमधलं काम आमच्या लायब्ररीत नुकतंच आलं होतं. मी धावत जाऊन ते काढलं आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवलं. त्यातली चित्रं आणि समोरची पट्टी यांत मला फरक सापडेना.

मी एकतीस वर्षांचा होतो. मला राहवलं नाही. संध्याकाळी पाचला कोटही नीट न घालता मी घरी गेलो आणि खालचंच दार वाजवलं.

"ॲग्नेस, दारू नव्हे. वेडही नव्हे. ते मारामुळं झालंय. खेळातल्या मारामुळं. एकेक धडक आत साचत गेली."

त्या दाराची कड धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे डेनिसला मारलं, ते..."

"ते त्यांनी मारलं नाही. ते त्यांच्या हातात राहिलेलं नव्हतं."

"नक्की?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

त्यांनी मला घट्ट मिठी मारली. आपल्याकडे असं कुणी करत नाही, मी अवघडून गेलो. मग त्या आत गेल्या आणि पदार्थांनी भरलेली एक थाळी कुमुदसाठी माझ्या हातात दिली. त्या शनिवारी-रविवारी खालून रेडिओ ऐकू येत होता. लिओ आजारी पडल्यापासून तो बंद होता.

सोमवारी सकाळी मी कच्चा अहवाल घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो. डॉक्टर व्हिटफर्ड. ते वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगतो. मला शिकवलं ते त्यांनीच. त्यांनी सगळ्या पट्ट्या पाहिल्या, घाई न करता. मग चष्मा काढला.

"काम सुंदर केलंय. पण निष्कर्ष?"

"सर, हे मुष्टियोद्ध्यांमध्ये..."

"हा माणूस मुष्टियोद्धा होता?"

"नाही. फुटबॉल खेळत होते. पण धडका तशाच..."

"हेल्मेट घालून. डॉक्टर साल्पेकर, या देशात लाखो लोक हा खेळ खेळलेत. मी स्वतः कॉलेजात खेळलोय. एका मेंदूवरून तुम्ही काय लिहायला निघालात, कळतंय का? उद्या कुणी विचारलं की दुसरं उदाहरण दाखवा, तर दाखवाल?"

"नाही, सर."

त्यांनी लिओंची फाइल उघडली. "इथं काय लिहिलंय? दीर्घकाळ मद्यपान. इथंही. आणि इथंही."

"ते खरं नाही. मी त्यांच्या घरात राहतो. पोलिसांनी पहिल्यांदा आणलं तेव्हा ड्यूटीवरच्या एका शिकाऊ डॉक्टरनं तसं लिहिलं. तपासणी केलीच नव्हती. पुढच्यांनी मागचं पाहून उतरवलं."

"यकृत?"

"स्वच्छ, सर."

"सगळ्यांचं यकृत जात नाही." त्यांनी फाइल मिटली. "तुम्ही त्यांचे भाडेकरू आहात, हे मला आधी सांगायला हवं होतं. मग मी ही केस तुम्हाला दिलीच नसती. जे फाइलमध्ये आहे त्याला धरून लिहा. गुंत्यांचं वर्णन ठेवा हवं तर. कारण मात्र मद्यपानाशी सुसंगत, असं लिहा. जूनमध्ये तुमच्या कायम नेमणुकीचा कागद माझ्याच टेबलावर येणार आहे. तो परत पाठवायची वेळ माझ्यावर आणू नका."

हे त्यांनी धमकावून म्हटलं नाही. काळजीनं म्हटलं. त्यामुळं मला उलट बोलता आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच, की मी घाबरलो. दुपारी अहवाल टाइप झाला आणि मी सही केली. त्या अहवालात गुंत्यांचं वर्णनही मी ठेवलं नाही. ठेवलं असतं तर कुणीतरी प्रश्न विचारला असता.

संध्याकाळी कुमुदला सांगितलं. ती भाकरीचं पीठ मळत होती. "अहो, पण शुक्रवारी तुम्ही त्यांना वेगळं सांगितलं होतं ना?"

"घाईत सांगितलं."

"मग आता?"

"आता खाली जाऊन सांगायला हवं."

"मी येऊ?"

"नको."

ॲग्नेसबाईंनी कॉफी ठेवली. मी बोलायला सुरुवात केली आणि त्या कप हातात धरून ऐकत राहिल्या. वरिष्ठांनी पाहिलं, एका उदाहरणावरून काही म्हणता येत नाही, मेंदू आक्रसला होता हे खरं, आणि असं दारूमुळंही होतं.

"तुम्ही या घरात तीन वर्षं राहिलात," त्या म्हणाल्या. "त्यांना कधी प्यायलेलं पाहिलंत?"

"नाही."

"मग?"

"मेंदूत तसं दिसतं, ॲग्नेस."

हे वाक्य मी उच्चारलं. त्यांच्याकडे बघून उच्चारलं.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग विचारलं, "कागदावर तसंच गेलंय?"

"हो."

"बदलता नाही येणार?"

"नाही."

"बरं." त्यांनी माझा कप उचलून मोरीत ठेवला. मी अजून एक घोटही घेतला नव्हता. "तुम्ही डॉक्टर आहात."

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दोन महिन्यांत आम्ही दुसरीकडे घर पाहिलं. निघताना त्यांनी कुमुदला मिठी मारली आणि माझ्याशी हात मिळवला. जूनमध्ये माझी नेमणूक कायम झाली.

पुढं दरवर्षी नाताळात त्यांचं कार्ड यायचं. आत फक्त सही. आमचंही जायचं. २००१ मध्ये कार्ड आलं नाही. शेजारच्या बाईंनी कळवलं की ॲग्नेस ऑक्टोबरमध्ये गेल्या, झोपेतच, आणि त्यांना लिओंशेजारी ठेवलं.

त्यानंतर काही वर्षांनी वर्तमानपत्रांत बातम्या यायला लागल्या. जुने फुटबॉलपटू, पन्नाशीत गेलेले, त्यांच्या मेंदूतले काळे गुंते. सोबत छापलेली चित्रं मी जेवणाच्या टेबलावर पाहिली. वळ्यांच्या तळाशी, रक्तवाहिन्यांभोवती. मी निवृत्त झालो होतो. कुमुद समोर बसली होती. तिनं पेपर माझ्या हातातून काढून घेतला, वाचला आणि घडी करून ठेवला. "मुलगा आहे ना त्यांचा?" एवढंच म्हणाली.

हॉस्पिटलच्या गोदामात लिओंच्या मेंदूचे मेणात जपलेले तुकडे अजून होते. मी अर्ज केला, नव्या लोकांनी नव्या रंगांनी पट्ट्या केल्या, आणि पस्तीस वर्षांनी जुन्या अहवालाला पुरवणी जोडली गेली. कारण, डोक्याला वारंवार बसलेला मार. खाली माझीही सही. डेनिसचा पत्ता त्यांच्या चर्चमधून मिळाला. तो कागद पोस्टानं पाठवायची माझी छाती होईना, म्हणून विमानानं ऑरेगनमधल्या पोर्टलंडला गेलो.

डेनिस एकसष्ट वर्षांचा होता. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला. बापासारखेच खांदे, बाकी चेहरा आईचा. एकटाच राहत होता. त्यानं मला बसवलं, कागद घेतला, उभ्यानंच दोनदा वाचला.

"हे आता कळलं?" त्यानं विचारलं.

"आता सिद्ध झालं. मला तेव्हाच कळलं होतं. १९७४ च्या मार्चमध्ये."

"आणि तो जुना अहवाल? दारूचा?"

मला धक्का बसला. "तो तुम्ही पाहिलाय?"

तो आतल्या खोलीत गेला आणि एक पाकीट घेऊन आला. ॲग्नेसबाईंचं अक्षर मी ओळखलं. तारीख त्या शनिवारची होती. मी शुक्रवारी दार वाजवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची.

"वाच," तो म्हणाला.

*बाळा, डॉक्टर सालनी मेंदू स्वतः तपासला. तुझ्या बाबांनी तुला मारलं नाही. खेळातल्या मारानं ते आजारी होते. आता तरी ये. ईस्टरला ये, आपण दोघं त्यांच्याकडे जाऊ.*

"मी निघणार होतो," डेनिस म्हणाला. "तिकीट काढलं होतं. पण इतिहास शिकलेला माणूस, कागद पाहिल्याशिवाय मान्य करायचं नाही ही सवय. मी मुलगा या नात्यानं हॉस्पिटलला लिहून अहवाल मागवला. तो आला. मद्यपान, असं साफ लिहिलेलं. खाली तुझं नाव. पत्रातही तुझंच नाव होतं."

मी पत्राची घडी घातली.

"मला वाटलं, माणूस मेल्यावरसुद्धा ती त्याच्यासाठी खोटं बोलतेय. माझा जबडा मोडला त्या दिवशीही डॉक्टरांना ती म्हणाली होती, जिन्यावरून पडला. तेव्हा मी तिला क्षमा केली होती. या वेळी नाही केली. तिकीट परत केलं. फोनवर तिला म्हणालो, तू खोटारडी आहेस."

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, कागद चुकलाय. मी विचारलं, आणि डॉक्टर? तो काय म्हणतो? तुला चुकीचं म्हणाली नाही ती. डॉक्टर भला माणूस आहे, म्हणाली, त्याची काहीतरी अडचण असेल. मी फोन ठेवला." त्यानं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "त्यानंतर सत्तावीस वर्षं ती होती. दर ईस्टरला बोलवायची. तिच्या दफनालाही मी गेलो नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होईना. आम्ही दोघं ते ऐकत बसलो.

"मी तुमची माफी मागायला आलो होतो," मी शेवटी म्हणालो.

"माझी?" तो म्हणाला. "माझी कशाला?"

मी उठलो. त्यानं थांब म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दारापर्यंत आला. परतीच्या विमानात माझ्या शेजारच्या बाईंनी मला बरं वाटतंय का म्हणून दोनदा विचारलं.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याचं पत्र आलं. ओहायोचा, त्या सरोवराकाठच्या गावाचाच, शिक्का होता. चारच ओळी होत्या.

*मी ईस्टरला दोघांकडे जाऊन आलो. तुमचा नवा कागद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. बाजूला लोक होते, तरी वाचला. तुम्हाला माफ करणं मला जमत नाही. पण आमच्या घरात आता कुणी खोटं बोलायचं नाही, म्हणून तसं कळवतो.*